धर्मादाय रुग्णालय आणि कंपनीचे रुग्णालय यांच्या निर्णयांत फरक कुठे पडतो?

गोव्यातील न्यासाचे रुग्णालय आणि कंपनीचे रुग्णालय यांची बिले जवळपास सारखीच येतात, मग त्यांचे निर्णय वेगळे कसे, असे आपण विचारले आहे. दोन्हीकडच्या हिशेबांचे काम मी केले असल्यामुळे उत्तर त्याच अंगाने देतो.

पैशाचा विचार दोघांनाही करावाच लागतो. शिल्लक उरली नाही तर परिचारिकांचे पगार न्यासालाही भागवता येणार नाहीत. मात्र कंपनी ती शिल्लक भागधारकांना लाभांश म्हणून देऊ शकते. धर्मादाय न्यासाला किंवा कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालील संस्थेला ती वाटता येत नाही. शिवाय प्राप्तिकराची सवलत टिकवण्यासाठी न्यासाला साधारणपणे उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम त्याच वर्षी आपल्या उद्दिष्टांवर खर्च करावी लागते आणि यंत्रखरेदीही त्यात धरली जाते. त्यामुळे मार्च जवळ आला की विश्वस्तांच्या बैठकीत सोनोग्राफी यंत्राचे कोटेशन हमखास वर येते. (जाणते विभागप्रमुख आपली मागणी फेब्रुवारीतच पुढे सरकवतात.)

नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग सुरू करायचा झाल्यास कंपनीच्या बैठकीत पहिली चर्चा होते ती खर्च किती वर्षांत वसूल होईल आणि तीच जागा कॅथ लॅबला (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी व उपचार करण्याच्या कक्षाला) दिली तर दर खाटेमागे किती मिळेल, याची. न्यासात तोटा बहुधा गृहीतच धरलेला असतो आणि वाद होतो तो कोणत्या विभागाच्या जिवावर तो सोसायचा यावर. अखेर भार पडतो रक्ततपासणीच्या आणि औषधालयाच्या दरांवर, आणि आपल्या हाती पडणारे बिल कंपनीच्या बिलासारखे दिसण्याचे एक कारण तिथे सापडते.

गोव्यात आणखी एक गोष्ट दोघांनाही बांधून ठेवते, ती म्हणजे बांबोळीचे गोमेकॉ, अर्थात गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय. 2016 साली सुरू झालेल्या राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण आहे. पण या योजनेतील पॅकेजचे, म्हणजे एकेका उपचारासाठी रुग्णालयाला मिळणाऱ्या ठरावीक रकमेचे, दर सरकार ठरवते. दर परवडत नसेल तर रुग्णाला बांबोळीची वाट दाखवण्यात न्यासाचे रुग्णालयही फारसे मागे राहत नाही, हे मला स्पष्टच सांगावेसे वाटते.

रुग्णालय निवडताना सवलतीचा नियम लेखी आहे का आणि अर्जावर सही कोणाची लागते, एवढे बिलिंगच्या खिडकीवर जरूर विचारावे.