डोकी मोजू नकोस

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझ्या एडिंबरोच्या गल्लीतलं चर्च विकलं गेलं, आत फ्लॅट झाले. 'हा देवाचा न्याय की जास्त फळ यावं म्हणून केलेली द्राक्षवेलीची छाटणी?' असं विचारतोस. आधी कबूल कर, रविवारी उपासनेत तू डोकी मोजतोस. मोजू नकोस.

आकडे मलाही पाठ आहेत. १९५० च्या दशकात चर्च ऑफ स्कॉटलंडचे सभासद १३ लाखांच्या घरात होते, आता ३ लाखही नाहीत. २०२२ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक स्कॉटिश लोकांनी 'धर्म नाही' असं लिहिलं. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या मिशनने उभं केलं, त्यांच्या घरची ही गत. वाईट वाटतंच. पण त्यावर दिलासे कसले काढतात? एक म्हणतो, थोडे उरले तरी अस्सल उरले. मंडळी, म्हणजे चर्च, लहान होईल, असं रात्झिंगर (पुढे पोप झालेले बेनेडिक्ट सोळावे) १९६९ मध्येच म्हणाले होते, तेही पुढे करतात. दुसरा म्हणतो, आफ्रिकेत वाढतेय ना! अरे, हीही मोजणीच. बायबलमधल्या दावीद राजाने शिरगणती काढली तेव्हा यवाबासारखा आडदांड सेनापतीसुद्धा नको म्हणाला होता.

मी ३१ वर्षं मोजली. शेवटचं गीत चालू असताना बाकागणिक बोट हलायचं, मग काळ्या वहीत आकडा. एका ईस्टरला ४१२ भरले. बेरीज करत होतो, तेवढ्यात एक आजी मुलाबद्दल काही सांगायला आली. 'थांबा जरा,' म्हणालो. मान वर केली तर गेलेली. पुन्हा आलीच नाही, आणि वहीत मी एक कमी लिहिला. आता म्हणशील, वर अहवाल जायचा, पाळक बिचारा काय करणार? खरंच जायचा. पण अहवालात घाई कर असं कुणी लिहिलं नव्हतं. ती वही अजून कपाटात आहे.

न्यूबिगिन आठवतात? दक्षिण भारतात बिशप होते, १९७४ मध्ये मायदेशी परतले. सत्तरी ओलांडल्यावर बर्मिंगहॅममध्ये तुरुंगासमोरची, बंद होऊ घातलेली एवढीशी मंडळी त्यांनी हाती घेतली. मोजत बसले असते तर तिकडे फिरकले नसते.

पत्रात लिहितोस, 'समोर अकराच म्हातारी माणसं.' एकाचंही नाव नाही त्यात. पुढच्या पत्रात अकराही नावं लिहून पाठव.

तुझा,
काका