एक इंच वाढतो तो रिम, टायर नव्हे

प्रश्न : माझ्या स्विफ्टला कंपनीचे १६५/८० आर१४ टायर आहेत. दुकानदार १५ इंची अलॉयवर २०५/६५ बसवायला सांगतो. ‘एकच इंच तर वाढतोय’ म्हणतो. टायर घासतील का? मीटर चुकेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही होईल. रिमचा इंच सोडा, पूर्ण टायरचा व्यास काढा. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि ‘आर’ नंतरचा रिमचा इंच. १६५ चे ८० टक्के १३२ मिमी, दोन बाजूंचे २६४, त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिळवले की ६१९.६ मिमी. याच हिशेबाने २०५/६५ आर१५ भरतो ६४७.५. म्हणजे साडेचार टक्के जास्त. मीटरला कळतात ते फक्त चाकाचे फेरे, त्यामुळे आज जिथे खरा वेग १०० असतो, तिथे काटा तोच राहून गाडी १०४.५ ने पळेल. कंपन्या मीटर मुळात थोडं पुढे ठेवतात, पण त्या भरवशावर स्पीड कॅमेऱ्याखालून जाऊ नका. किलोमीटरही कमी नोंदले जातात, म्हणून ॲव्हरेज घसरल्यासारखं वाटतं. घाटात पिकअप मात्र खरोखरच मंदावतो.

आता घासण्याचं. टायर ४० मिमीने जास्त रुंद, म्हणजे ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसतो ते माप) तोच असला तरी आत-बाहेर २०-२० मिमी जागा जाते, आणि वर १४ मिमी. रिकाम्या गाडीत दुकानासमोर काही कळणार नाही. पाच माणसं बसवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून गतिरोधकावरून न्या, मग मडगार्डच्या आतलं प्लास्टिक वाजेल.

त्याऐवजी १८५/६५ आर१५ घ्या. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीच हा देते. व्यास ६२१.५, फरक जेमतेम दोन मिमी. अलॉयचा पीसीडी ४ x १०० हवा, म्हणजे नटांची चार भोकं १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. मधलं भोक ५४.१ मिमीपेक्षा मोठं असेल तर हब रिंग (भोक आणि हब यांतली फट भरणारी कडी) मागून घ्या, नाहीतर ८०-९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि दोष बॅलन्सिंगला लागतो.

प्रश्न : पैसे कमी आहेत. आधी पुढचेच दोन टायर मोठे घातले तर?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको. पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळले नाहीत तर एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) अंदाज चुकतो. चारही एकदम बदला. स्टेपनी जुनी १४ इंची चालेल, पंक्चरवाल्यापर्यंत. फक्त अलॉयचे नट वेगळे असतील तर जुने चार नट डिकीत ठेवा.