कुत्रं मागे लागलं तर?

पहिल्याच आठवड्यात कुत्रं मागे लागलं म्हणून सायकल सोडू नका. हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, आणि निभावता येतं.

नवीन माणूस घाबरून जोरात पेडल मारतो किंवा लाथ उगारतो. दोन्ही चुकीचं. पळणाऱ्या चाकामागे कुत्रं आणखी चेकाळतं, आणि लाथ मारताना तोल जातो. खरी दुखापत बहुतेक वेळा पडल्यामुळेच होते. वेग कमी करा, हँडल सरळ ठेवा, खणखणीत आवाजात ओरडा. तरीही अंगावर आलं तर उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि पाठ न दाखवता हळूहळू चालत पुढे सरका. बरीचशी कुत्री आपली हद्द संपली की थांबतात. चावलंच, किंवा नुसतं ओरखडलं तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यात चालढकल नको, रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपचार जवळजवळ नसतोच.

बाकीचं थोडक्यात:
- गाई-म्हशी: पुढून घुसू नका, मागून अंतर ठेवून जा. एक गेली की दुसरी येतेच.
- घोडेस्वार: लांबूनच हाक द्या.
- शेजारून गाडी चालवत गप्पा मारणारा अनोळखी: बहुधा निव्वळ कुतूहल असतं. उत्तर द्या, पण नजर रस्त्यावर. तो खटकला तर वर्दळीच्या ठिकाणीच थांबा. एकटे जाताना घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवलेलं असू द्या.

कुत्र्यांना पळवायला स्प्रे, हॉर्न वगैरे खरेदी सध्या राहू द्या. ते वापरायला एक हात सोडावा लागतो, म्हणून आधी एका हाताने सायकल सरळ चालवायला शिका.