छंद-शंका: पवनचक्की गरगर फिरते, हळू कशी करायची?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही नाशिकरोडला राहतो, मुलगा नववीत आहे. त्याने नि त्याच्या बाबांनी सहा बाय चार फुटाच्या प्लायवर एचओ स्केलचा (खऱ्याच्या ८७ पट लहान) रेल्वे लेआउट मांडलाय, देवळालीकडचा भाग मनात धरून, छोटं स्टेशन, द्राक्षाची बाग, कांद्याची चाळ असं सगळं. आता त्यात पवनचक्की हवीये. खेळण्यातल्या कारची मोटर काढून एक केली पण ती टेबल फॅनसारखी गरगरते आणि आवाज तर विचारूच नका. वायर रुळालाच जोडलीये. किट मागवू का घरीच जमेल?
– एक आई, नाशिकरोड

उत्तर : ताई, घरीच जमेल आणि घरी केलेलीच जास्त शोभेल. किट मिळतात, जर्मनीच्या फालर कंपनीची तर मोटरसकट येतात, पण ती युरोपातल्या जुन्या दळणाच्या चक्क्यांची, चार लांब पात्यांची. तशी खऱ्या चक्कीची पाती टोकापासून टोकापर्यंत २५ मीटर धरली तरी एचओत ती २९ सेंटीमीटर होते, म्हणजे स्टेशनच झाकून टाकेल, आणि कांद्याच्या चाळीशेजारी ती आपली वाटणारच नाही. तुम्हाला हवी ती विहिरीवरची, पाणी उपसायची पवनचक्की, लोखंडी मनोरा, वर बऱ्याच पात्यांचं चाक आणि मागे शेपूट. हिचं चाक साधारण ३ ते ५ मीटरचं असतं, एचओ म्हणजे १:८७, त्यामुळे मॉडेलमधे ३५ ते ५७ मिलिमीटर. मनोरा १० मीटरचा धरला तर साडेअकरा सेंटीमीटर. बागेच्या कडेला आरामात बसते.

आता वेगाचं. मॉडेल लहान झालं म्हणून मिनिट काही लहान होत नाही! खरी पवनचक्की बऱ्यापैकी वाऱ्यात मिनिटाला ३०-६० फेरे घेते, मॉडेलमधे मी २५च्या आसपासच ठेवायला सांगतो, कारण लहान वस्तू भराभर फिरली की लगेच खेळणं वाटते आणि संथ फिरली की वजनदार वाटते. खेळण्यातली मोटर मिनिटाला हजारो फेरे मारते, तिचा व्होल्टेज कमी करून भागत नाही, कमी व्होल्टेजला ती अडकते आणि मग एकदम झटका देऊन सुटते. गिअर असलेलीच मोटर घ्या. दुकानात ‘एन-ट्वेंटी गिअर मोटर, १२ व्होल्ट, ६० आरपीएम (मिनिटाला ६० फेरे)’ असं सांगा, एमजी रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारून बघा नाहीतर ऑनलाइन आहेच. ती ५ व्होल्टवर चालवली की साधारण २५ फेरे देते, आणि मोटर पूर्ण जोरात नसल्याने आवाजही कमी.

आणि ती रुळावरची वायर आधी काढा! साध्या डीसी कंट्रोलरमधे रुळातला व्होल्टेज गाडीच्या वेगाबरोबर बदलतो, म्हणजे गाडी थांबली की वारा थांबणार, गाडी रिव्हर्स घेतली की चक्की उलटी फिरणार. चक्कीसाठी ५ व्होल्टचा जुना मोबाइल चार्जर वेगळा ठेवा, त्याची केबल कापून लाल-काळी वायर मोटरला जोडायची, बाकीच्या वायरींना टेप, आणि हे सगळं चार्जर प्लगमधून काढूनच.

चाकासाठी कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन कापा, पत्रा कात्रीने कापला जातो पण कडा धारदार असतात, मुलाला हातमोजे घालायला लावाच. ३५ मिलिमीटरची चकती, २०-२० अंशावर १८ रेघा, मधला नाण्याएवढा नको, वाटाण्याएवढा भाग सोडून रेघांवर काप द्या आणि चिमट्याने प्रत्येक पातं एकाच बाजूला थोडं पिळा. एवढ्यानेच ते चाक जिवंत दिसायला लागतं. मनोऱ्याचे पाय खराट्याच्या हिरांचे करा, एकसारखे बारीक निवडून, आडव्या-तिरक्या पट्ट्या आणखी बारीक.

आस फिरायला बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा एक सेंटीमीटरचा तुकडा वर आडवा चिकटवा आणि त्यात सैल फिरेल पण डुगडुगणार नाही अशी तार शोधा. रिफिल साधारण ३ मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्यात २६ सेंटीमीटर, रंग दिला की ती चक्क गिअरबॉक्सच वाटते, मला ही गोष्ट फार आवडते. चाक बसवल्यावर हाताने फिरवून सोडा, दरवेळी तीच बाजू खाली येत असेल तर समोरच्या पात्यामागे फेविक्विकचा थेंब, पुन्हा बघा. हे केलं नाही तर एवढ्या हळू वेगात चाक अडखळत फिरतं.

मोटर वर लपत नाही, तिला प्लायच्या खाली ठेवा, आडवी, वरच्या आसाला समांतर. दोन्हीकडे सारख्या आकाराचा खाच असलेला मणी आणि मधून ब्रेसलेटमधे असतो तो काळा इलॅस्टिक दोरा, प्लायला भोक पाडून. खऱ्या चक्कीत मनोऱ्याच्या मधोमध पंपाची दांडी खाली उतरलेली असते, तिच्या जागी हा दोरा मस्त खपून जातो. फक्त ताण बेताचा ठेवा, जास्त ओढला तर मनोरा वाकतो. आणि मोटरखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, कारण मोटरपेक्षा प्लायच जास्त आवाज करतो.

लेआउट पावसाळ्यातला हिरवा असेल तर चाकाचं तोंड पश्चिमेला आणि शेपूट पूर्वेला, देवळावरचा झेंडाही पूर्वेलाच उडता हवा. हे कोणी सांगत नाही पण बघणाऱ्याला खटकतं मात्र. आणि पुण्याला गेलात तर मुलाला कोथरूडचं जोशी यांचं मिनिएचर रेल्वे म्युझियम दाखवाच.

प्रश्न : मला साक्रीच्या ब्राह्मणवेलसारख्या वीज तयार करणाऱ्या मोठ्या पवनचक्क्या लेआउटवर हव्यात, होतील का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : पुढे उभ्या करून नाही होणार. ८२ मीटर व्यासाचं चाक एचओत ९४ सेंटीमीटर भरतं! त्या मागच्या डोंगरावर लावा आणि मुद्दाम लहान करा, १२-१५ सेंटीमीटरचं चाक, तीन बारीक पाती, पांढरा रंग थोडा निळसर राखाडी करून म्हणजे लांबच्या वाटतील. मागे आणखी लहान दोन. समोरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायला हव्यात, वेग मिनिटाला १५ फेऱ्यांच्या आत आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.