कॉर्पोरेट सेल्सच्या मुलाखतीत नेमकं काय बघतात? इंग्रजी कच्चं असेल तर निभाव लागतो का?

तुम्ही लिहिलंय की मराठी माध्यमातून बी.कॉम. केलंत, दोन वर्षं मोबाईलच्या दुकानात विक्री केलीत, आणि या शुक्रवारी पुण्यात कॉर्पोरेट सेल्सची, म्हणजे कंपन्यांना विक्री करण्याच्या कामाची, पहिली मुलाखत आहे. इंग्रजीची भीती वाटते आणि ‘हे पेन विकून दाखवा’ म्हणाले तर काय बोलायचं, हे सुचत नाही.

मी बार्शीची. २०१५ साली पुण्यात आले आणि तीन महिन्यांत ११ मुलाखती दिल्या. आठ ठिकाणी नकार आला. आता कंपन्यांना इंटरनेटच्या लीज्ड लाईन, म्हणजे फक्त त्यांच्यासाठी राखलेल्या लाईन, विकणाऱ्या टीममध्ये आहे आणि गेली काही वर्षं मुलाखती घ्यायलाही बसते. त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगू शकते.

आधी इंग्रजी. त्यामुळे मी दोन ठिकाणी मागे पडले, हे खरं आहे. एचआरची पहिली फेरी बहुतेक फोनवर आणि इंग्रजीत होते. स्वतःची ओळख, आधीचं काम, ते का सोडताय, एवढं लहान वाक्यांत रोज मोठ्याने म्हणून बघा, तेवढ्यावर ती फेरी निघते. पुढची फेरी ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या मॅनेजरची. ते बरेचदा पाच मिनिटांत हिंदी-मराठीवर येतात, कारण भोसरीतल्या कारखान्याच्या पर्चेसवाल्याशी तुम्ही कसं बोलाल हे त्यांना बघायचं असतं. बोलण्यापेक्षा लिहिण्याची तयारी जास्त करा. ‘आत्ता भेटून आलात असं समजा आणि ग्राहकाला मेल लिहा’ असं मला दोन ठिकाणी सांगितलं होतं. काय बोलणं झालं, आपण काय पाठवणार, कधीपर्यंत, अशा तीन सरळ ओळी चुकीशिवाय लिहिता आल्या की पुरतं.

पेनचा प्रश्न आता कमी विचारतात, कारण त्याचं उत्तर सगळे पाठ करून येतात. त्याऐवजी रोलप्ले असतो. मला ही नोकरी ज्या मुलाखतीत मिळाली तिथलाच सांगते. मॅनेजर म्हणाले, “मी चाकणच्या एका प्लांटचा आयटी हेड. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीची लाईन आहे, चांगली चालते. तुमच्याकडे दोन मिनिटं आहेत.” आधीच्या आठ नकारांमध्ये मी अशा वेळी धडाधड बोलत सुटायचे, आमचा स्पीड, आमचा रेट, आमची सर्व्हिस. त्या दिवशी मी वही उघडली आणि विचारलं, “सर, लाईन शेवटची कधी बंद पडली होती?”

ते म्हणाले, “मागच्या महिन्यात, दुपारी.”

“तेव्हा प्लांटमध्ये काय अडलं?”

ते जरा थांबले. मग म्हणाले, “डिस्पॅच. बिलं निघेनात. भरलेल्या गाड्या गेटवर उभ्या राहिल्या.”

“किती वेळ?”

“तीन तास.”

तिथून पुढे मला स्पीडबद्दल काही बोलावंच लागलं नाही. दुसऱ्या मार्गाने येणारी बॅकअप लाईन, एवढंच बोलले. मग त्यांनी मुलाखतीतला खरा प्रश्न टाकला: “९९.५ टक्के अपटाईम लिहून देता ना? मग महिन्यात किती वेळ बंद राहिली तर तुमची चूक नाही?” अपटाईम म्हणजे लाईन चालू राहण्याचा वेळ. मी कागदावर मांडलं. ३० दिवसांचे ७२० तास, त्याचा अर्धा टक्का, म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. म्हणजे त्यांची तीन तासांची बंदी करारात बसत होती. मी तसं स्पष्ट सांगितलं आणि म्हटलं की तुम्हाला ९९.९ चा करार हवा, त्यात ४३ मिनिटंच मिळतात. मला ती जागा या हिशोबामुळे मिळाली असं मला आजही वाटतं. मी स्वतः मुलाखत घेते तेव्हाही हेच बघते, की समोरचा माणूस ऐकतो का आणि आकड्याला घाबरतो का.

तुम्ही दुकानात दोन वर्षं काढलीत, म्हणजे हे तुम्हाला येतंच. ग्राहक काउंटरवर आला की तुम्ही विचारताच ना, फोन कोणासाठी हवा, बजेट काय, आधीच्या फोनचा त्रास काय? तसाच एखादा खरा प्रसंग तयार ठेवा. कोण आलं होतं, काय म्हणालं, तुम्ही काय दाखवलं, शेवटी काय घेऊन गेलं. ‘मी मेहनती आहे’ हे वाक्य दिवसाला दहा वेळा ऐकू येतं आणि कोणाच्या लक्षात राहत नाही.

टार्गेटचं गणितही विचारतात. समजा महिन्याचं टार्गेट ४ लाख आणि एक ऑर्डर सरासरी ४० हजारांची, तर ऑर्डरी लागतात १०. पाच कोटेशनमागे एक ऑर्डर लागत असेल तर कोटेशनं ५०, म्हणजे कामाच्या २५ दिवसांत रोज दोन. हे तोंडी मांडून ‘मग रोजच्या भेटी किती लागतील?’ असं तुम्हीच विचारलंत, तर बोलण्याचा सूर बदलतो.

आता पगार. इथे मी ठेच खाल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्या पहिल्या ऑफरमध्ये सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ४ लाख ८० हजार लिहिला होता. मी १२ ने भागून ४० हजार धरले आणि तेवढ्या हिशोबाने कोथरूडला खोली घेतली. त्यातले १ लाख २० हजार व्हेरिएबल, म्हणजे टार्गेट झालं तरच मिळणारे होते. उरले महिना ३० हजार. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सातशे-काही गेले, मग माझ्या वाट्याचा पीएफ १,८००, आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात साडेपंचवीस हजारांच्या आसपास आले. व्हेरिएबल तिमाहीचं होतं आणि टार्गेट ८० टक्क्यांच्या खाली राहिलं तर शून्य. माझं ७६ टक्के झालं होतं. शिवाय ऑर्डर आली की नव्हे, ग्राहकाने पैसे भरले की मगच ती मोजायची, हे मला पहिली तिमाही संपल्यावर कळलं. मुलाखतीत कोणी सांगितलं नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं. त्या तिमाहीत मी दोनदा घरून पैसे मागवले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणाले की गप्प बसू नका. फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती टक्क्यांपासून सुरू होतं, ऑर्डरवर की कलेक्शनवर, म्हणजे ग्राहकाचे पैसे आल्यावर, भाग कोणता, पेट्रोलचे किलोमीटरला किती, आणि या जागेवरचा आधीचा माणूस का गेला, हे विचारा. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘त्याला बढती मिळाली’ आणि ‘वर्षात तिघं गेले’ यात फार फरक आहे, आणि हे विचारल्याने कोणाचा राग आल्याचं मी पाहिलेलं नाही.

आधीच्या ठिकाणची ग्राहकांची यादी मागितली तर देऊ नका. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो किंवा ट्रेनिंगसाठी डिपॉझिट भरा म्हणाले तर तिथून उठून या. मला ‘लग्नाचं काय ठरवलंय?’ असं चार ठिकाणी विचारलं गेलं. मी दर वेळी म्हटलं, “कामाबद्दल विचारा, सर.” त्यातल्या एकाने निवड केली, तरी मी गेले नाही.

शुक्रवारसाठी एवढं करा. त्या कंपनीच्या संकेतस्थळावर ग्राहकांची नावं असतात, त्यातली तीन निवडा. ते काय बनवतात आणि त्यांचं काम कशाने अडेल, हे गुरुवारी वहीत लिहा. वही सोबत न्या आणि समोर उघडी ठेवा. दुचाकीचा परवाना आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घ्या. दुकानात स्लिप देत नसतील तर पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट चालतं. मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी आभाराची मेल पाठवा, तीन ओळींची. ऑफर आली तर सही करण्याआधी आकडे इथे लिहा, कंपनीचं नाव नको. मी हिशोब मांडून देईन.