मीटिंगमध्ये सगळे गप्प का बसतात?

प्रश्न: चाकणला एका जपानी कंपनीत प्रॉडक्शनला आहे. डाय (मशीनमधला साचा) बदलायचा वेळ कमी करायची आयडिया मंथली मीटिंगमध्ये मांडली, आठवडाभर जागून प्रेझेंटेशन केलेलं, पण कुणी चकार शब्द काढला नाही, जपानी साहेब फक्त "विचार करतो" म्हणाले. दोन महिने झाले. आवडली नसेल तर तोंडावर सांगा ना!
– एक वाचक, पुणे

उत्तर: राग येणं साहजिक आहे हो, पण आयडिया टाकाऊ होती असं एवढ्यावरून धरू नका. आपल्याकडे मीटिंग म्हणजे मुद्दा मांडा, वाद घाला, तिथेच काय ते ठरवा. जपानी कंपन्यांत बऱ्याचदा सगळं आधीच ठरलेलं असतं, मीटिंगमध्ये फक्त शिक्का बसतो.

मीटिंगच्या आधी एकेकाला भेटून पटवायच्या ह्या कामाला ते नेमावाशी म्हणतात, शब्द मूळचा माळीकामातला. मोठं झाड दुसरीकडे लावायचं असलं की माळी आधी बुंध्याभोवती खणतो, काही मुळं छाटतो आणि झाड तिथेच राहू देतो, बुंध्याजवळ नवीन बारीक मुळं फुटेपर्यंत थांबायचं, त्याला कधी कधी वर्षही जातं, मग झाड उचललं तरी जगतं. तुम्ही झाड एकदम उपटून मीटिंगमध्ये आणलंत. मेंटेनन्स, क्वालिटी, स्टोअर, सगळ्यांनी ते तिथेच पहिल्यांदा बघितलं, मग बोलणार कोण?

आणि "विचार करतो", म्हणजे त्यांचं "केंतो शिमास", हा पुष्कळदा सभ्य नकार असतो. चारचौघांत नाही म्हटलं तर तुमची मान खाली जाईल, म्हणून साहेब तसं बोलतात, त्यांच्या दृष्टीने ते तुम्हाला सांभाळून घेणंच आहे.

ह्या पद्धतीत वेळ फार जातो, धारदार कल्पना सगळ्यांना पटवता पटवता बोथट होते, हे मलाही खटकतं. पण एकदा होकार मिळाला की अंमलबजावणीत कुणी आडवं येत नाही, कारण रिंगीशो नावाचा प्रस्तावाचा कागद खालून वर फिरतो आणि वाटेत प्रत्येकाने त्यावर आपला शिक्का मारलेला असतो.

आता असं करा, टोयोटात करतात तसं सगळं एका ए-थ्री कागदावर आणा. आधी मेंटेनन्सवाल्यांकडे जा, त्यांना काय अडचण वाटते ते ऐका आणि त्याच कागदावर लिहा. मग क्वालिटी. साहेबांकडे शेवटी, पण मंजुरी मागू नका, "सोदान करायचंय" म्हणा, म्हणजे सल्ला हवाय. होकोकू, रेनराकू, सोदान, म्हणजे रिपोर्ट करणं, कळवणं, सल्ला घेणं, ह्या तिघांची आद्याक्षरं जोडून होरेन्सो होतं, जपानीत पालकाच्या भाजीलाही हाच शब्द आहे, तिथे नवीन पोराला नोकरीत पहिल्यांदा हेच शिकवतात. सोदानला अर्धवट आयडिया नेली तरी चालते, उलट तीच न्यावी, साहेबांना त्यात स्वतःचं काही घालायला जागा राहते.