पहिलंच सुपरव्हिजन? एवढं सांभाळा

मॅडम, वाशीच्या कॉलेजात पहिल्यांदा परीक्षेचं सुपरव्हिजन लागलंय आणि धाकधूक होतेय, हे मोकळेपणी विचारलंत ते बरं केलंत. ठाण्यात बावीस वर्षं ब्लॉक (परीक्षेचे वर्ग) सांभाळलेत, त्यातून मोजकंच सांगतो.

मुलं निव्वळ आळसामुळे कॉपी करतात असं धरून वर्गात जाऊ नका. नव्या सुपरवायझरची हमखास चूक हीच. बदलापूर-कर्जतहून लोकलने येणारी, संध्याकाळी महापे-ऐरोलीत नोकरी करणारी, दोन-दोन एटीकेटी (मागच्या राहिलेल्या विषयांची परीक्षा) डोक्यावर असलेली मुलं समोर बसलेली असतात. 'वर्ष गेलं तर घरी काय सांगू?' ही भीती खरी असते. त्याहून मोठं कारण म्हणजे 'सगळेच करतात' हा समज. मॅकेब आणि ट्रेव्हिनो या संशोधकांनी 1993 साली अमेरिकेतल्या 31 शिक्षणसंस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही सोबतची मुलं काय करतात याचाच प्रभाव सर्वाधिक दिसला. म्हणून पहिली दहा मिनिटं खुर्चीत बसूच नका. एकाने मान वळवलेली चालली, की अख्खा ब्लॉक ते टिपतो.

- प्रश्नपत्रिका वाटण्याआधी मोबाइल, चिठ्ठ्या बाहेर ठेवायची संधी द्या. बरीच मुलं तिथेच सावरतात.
- कुणी सापडलंच तर चारचौघांत ओरडू नका. चिठ्ठी आणि उत्तरपत्रिका ताब्यात घ्या, वेळ टिपा, सीनियर सुपरवायझरना बोलवा. शिक्षा ठरवणं चौकशी समितीचं काम.

1982 चा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा, त्याची कलमं वगैरे नंतर बघू. पहिल्या दिवशी अर्धा तास आधी पोचा, बाकांवरचं पेन्सिलीचं लिखाण पुसायला वेळ लागतो.